मला सांगितलं होतं, पेपरला नाही

वार्ताहर आणि पत्रकार यांत फरक आहे. पत्रकाराला ऑफिसात टेबल-खुर्ची असते, वार्ताहराला फक्त गाव असतं. माझं गाव डोंबिवली. कल्याणचा माणूस रजेवर गेला की कल्याणही माझं, आणि ठाण्यात मोर्चा मोठा निघाला की ठाणंही. महापालिकेची सभा, पाण्याची बोंब, शाळांचे निकाल, सापडलेले साप, हरवलेली माणसं, नाट्यगृहाचा बंद पडलेला एसी. हे सगळं मी सव्वीस वर्षं एका मराठी दैनिकाला पुरवलं. मी पाठवायचो ती बातमी डेस्कवर जायची. डेस्क म्हणजे ठाण्याच्या ऑफिसात बसलेले तीन-चार उपसंपादक. ते मजकूर कापायचे, मथळा द्यायचे. मथळा वार्ताहर देत नाही, हे वाचकांना माहीत नसतं. शिव्या मात्र वार्ताहरालाच बसतात.

किस्से पुष्कळ आहेत. टिटवाळ्याच्या एक बाई दर सोमवारी फोन करायच्या, नळ कोरडा आहे म्हणून. शेवटी मी फोटोसकट बातमी दिली, चार दिवसांत पाणी आलं. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. "पाणी आलं हो, पण आता रोज भरून ठेवायला लागतं, कंबर गेली. त्याचंही काहीतरी लिहा."

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोतल्या एका कंडक्टरने गाडीत विसरलेली दागिन्यांची पर्स परत केली. मी त्याचं नाव, फोटो, गाडीची वेळ, सगळं छापलं. आठवड्याने तो मला शोधत आला. त्या दिवशी ती ड्युटी त्याची नव्हतीच. मित्राशी परस्पर बदलून घेतलेली. बातमी वाचून साहेबांनी दोघांनाही मेमो दिला होता. "साहेब, तुम्ही चांगलंच लिहिलं हो," तो म्हणाला, "पण लिहायच्या आधी एकदा विचारायचं ना." मी हा किस्सा बरीच वर्षं लोकांना हसत हसत सांगत आलो. त्यातलं शेवटचं वाक्य मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

या अंकाच्या संपादकांना असेच हलकेफुलके किस्से हवे होते. मी त्यांना सांगितलं, एकच गोष्ट लिहीन, आणि ती हलकी नाही. ते हो म्हणाले, म्हणून लिहितोय.

आमच्या सोसायटीत दिवसपाळीचा एक वॉचमन होता. त्याला मी इथे दीपेन म्हणतो. खरं नाव ते नाही; त्याच्या बायकोचं आणि मुलीचंही बदललंय. आसामचा होता. राज्याचं नाव लिहायला त्याची परवानगी आहे, जिल्ह्याचं नाव मी लिहिणार नाही. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने बारीक, बोलणं कमी. बायको रीता आमच्याच इमारतीत तीन घरी पोळ्या करायची. मुलगी जोनाली मराठी शाळेत आठवीत होती. तिघं मागच्या चाळीत एका खोलीत राहायचे. घरात ती पोरगी बापाला 'देउता' म्हणायची आणि गेटवर उभी राहून आमच्या मुलांशी अस्सल डोंबिवलीच्या मराठीत भांडायची. दुपारी शाळेतून आली की गेटजवळच्या खुर्चीत बसून ती बापाला माझा पेपर वाचून दाखवायची. त्याला मराठी बोलता बऱ्यापैकी यायची, वाचता येत नव्हती.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला सोसायटीत नेहमीप्रमाणे झेंडावंदन होतं. दीपेनने पहाटे उठून आवार झाडलं, खुर्च्या मांडल्या, दोरी तपासली. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मात्र तो कुठे दिसेना. आमचे सेक्रेटरी पाटणकर शिस्तीचे. पेढे वाटून झाल्यावर ते मला म्हणाले, "बघितलंत ना सामंत? झेंड्याच्या वेळेला हा गायब. ह्यांना देशाचं काही आहे का?"

दुपारी मी सहज पंपाच्या खोलीकडे गेलो. दीपेन तिथे स्टुलावर बसला होता. मी विचारलं, "काय रे, सकाळी कुठे गेलेलास?"

"इथेच होतो सर."

"मग बाहेर का नाही आलास?"

त्याने पंपाचं बटण बंद केलं. मग म्हणाला, "सर, मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा आम्ही हा दिवस बंद करायचो. सगळा गाव बंद. झेंडा लावला त्याला धमकी. मीच जाऊन सांगायचो, लावू नका. आता मी तिथे उभा राहून गाणं म्हणायचं, ते मला जमत नाही. लाज वाटते. झेंड्याची नाही. माझी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि, खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, त्याच क्षणी आतला वार्ताहर ताठ बसला.

आसाम वेगळा देश व्हावा म्हणून लढणाऱ्या संघटनेत तो होता. ह्या लढ्याच्या बातम्या आमच्याकडे एजन्सीकडून यायच्या. 'चकमकीत दोन ठार', 'पुलाजवळ स्फोट'. पानात जागा उरली की डेस्क त्या तीन ओळी टाकायचं, जाहिरात आली की काढायचं. मी स्वतः कधी त्या तीन ओळींच्या पलीकडे विचार केला नव्हता. देश तोडायला निघालेले लोक, एवढंच आपल्याला ठाऊक.

पुढचे दोन-तीन महिने दुपारी मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. तो तुकड्या-तुकड्याने सांगायचा. आमच्या जमिनीतून तेल निघतं, चहा निघतो, आणि आमच्या घरात चिमणी जळते, असं सांगणारी कॉलेजातली पोरं गावात आली आणि ह्याला ते पटलं. "सर, ते खोटं नव्हतं," तो म्हणायचा. "रस्ता खोटा निघाला." सीमेपलीकडच्या जंगलातला तळ, मलेरिया, मीठसुद्धा न मिळणं. इकडे त्याला शोधायला आलेल्या जवानांनी त्याच्या धाकट्या भावाला पकडून नेलं. भाऊ तिसऱ्या दिवशी घरी आला, पण त्याचा एक कान गेला तो कायमचाच.

आणि मास्तरांची गोष्ट. दीपेनला शाळेत शिकवलेले एक मास्तर होते. ते पोलिसांना खबर देतात असा संघटनेला संशय आला. एक बंद चिठ्ठी दीपेनच्या हातात देण्यात आली, मास्तरांना नेऊन दे म्हणून. त्याने दिली. मास्तरांनी त्याला ओळखलं, आत बोलावलं, चहा दिला. म्हणाले, तू गणितात चांगला होतास. आठ दिवसांनी मास्तरांना घरासमोर गोळ्या घातल्या. चिठ्ठीत गाव सोडायचा हुकूम होता, आणि मास्तरांनी गाव सोडलं नाही. त्यांनी खबर दिली होती की नाही, ते कुणालाच कधी कळलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात दीपेनने बंदूक खाली ठेवली, रीतसर शरण आला. सरकारी कागद होते त्याच्याकडे. मग जुन्या सोबत्यांपैकी ह्याला-त्याला ओळखून दाखव म्हणून जवान त्याला नेऊ लागले. जुन्या सोबत्यांच्या दृष्टीने तो गद्दार झाला, आणि सरकारच्या माणसांना त्याच्यावर भरवसा नव्हता. लग्न झालं, मुलगी झाली, आणि एक दिवस तो दोघींना घेऊन निघाला तो डोंबिवलीत येऊन थांबला. गावात आई आणि भाऊ होते. तो कुठे आहे ते त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, हे लिहू नका हां."

मी म्हणालो, "छे रे. वेडा आहेस का."

जानेवारीत आमचे आवृत्तीप्रमुख म्हणाले, "सामंत, खड्डे आणि पाणी काय, कुणीही देतं. सव्वीस जानेवारीच्या पुरवणीला काहीतरी माणसाचं द्या. अख्खं पान देतो, नावासकट." त्या वर्षी वार्ताहर कमी करणार अशी कुजबुज होती. पुढे मी लोकांना सांगताना नोकरीची भीती हेच कारण पुढे केलं. ते खरं कारण नव्हतं. तोवर इतक्या वर्षांत माझ्या नावाने अख्खं पान कधी आलं नव्हतं, आणि मला ते हवं होतं.

मी स्वतःला समजावलं की नाव बदललं की झालं. शेवटी मी त्याच्या बाजूनेच तर लिहितोय. लोकांना कळू दे तीन ओळींच्या मागे काय असतं. दोन दिवस खपून लिहिलं. आयुष्यात तेवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतं, हेही खरं. मास्तर, चहा, गणित, भावाचा कान, सगळं घातलं. फोटोत चेहरा नव्हता. गेटजवळच्या खुर्चीत पाठमोरा बसलेला माणूस आणि समोर पेपर वाचणारी दोन वेण्यांची मुलगी. तो फोटो मी माझ्या गॅलरीतून काढला होता, त्यांना न सांगता.

मी मथळा दिला होता, 'शांततेच्या शोधात'. डेस्कने दिला, 'डोंबिवलीत दडलेला बंडखोर'. मी मजकुरात लिहिलं होतं 'राहतो'. त्यांनी मथळ्यात 'दडलेला' केलं. एका शब्दाने माणसाचं काय होतं ते मी त्या सकाळी पाहिलं. पण मथळ्यावर खापर फोडून मला सुटायचं नाही. मथळ्याखालचं सगळं माझं होतं.

दुपारी जोनाली नेहमीप्रमाणे पेपर घेऊन बसली. मी गॅलरीच्या पडद्याआडून बघत होतो. पान उलटलं, फोटोवर थांबली. वाचायला लागली आणि दोन-चार ओळींनंतर तिचा आवाज बंद झाला. दीपेनने काहीतरी विचारलं. तिने पेपराची घडी घातली आणि ती घेऊन घरी निघून गेली. मी खाली गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग. मीही सभासद. पाटणकरांनी पान टेबलावर पसरलं. "सामंत, ही आपलीच खुर्ची आहे. हा आपला दीपेन ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काहीही म्हणू शकलो असतो. हो, तोच आहे, कायद्याने शरण आलाय, कागद आहेत, पाच वर्षांत त्याने कुणाच्या घरची टाचणीसुद्धा उचलली नाही. माझी आई जिन्यात पडली होती तेव्हा त्याने तिला पाठुंगळी घेऊन रिक्षात बसवलं होतं, हे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "बातमीचा स्रोत सांगता येत नाही. पत्रकारितेचा नियम आहे."

नियम खरा आहे. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव फोडायचं नाही, त्याला वाचवायचं, एवढ्यासाठीच तो असतो. मी तो स्वतःला वाचवायला वापरला. दहा मिनिटांत ठरलं की वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला सांगून माणूस बदलून घ्यायचा. कुणी वाईट बोललं नाही. "गरीब आहे बिचारा, पण रिस्क कशाला," असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

पोलिसांनीही त्याला बोलावलं. कागद बघितले, चहा पाजला, दोन तासांत सोडला. पण पान पेपराच्या वेबसाइटवर होतं. तिथून ते कुणीतरी आसामीत भाषांतर करून पुढे पाठवलं. मास्तरांचं प्रकरण त्या भागात सगळ्यांना माहीत होतं, आणि चिठ्ठी कुणी नेली ते आजवर कुणाला माहीत नव्हतं. एका कानाने बहिरा भाऊ असलेलं घरही तिथे एकच होतं. चार दिवसांत भावाचा फोन आला. मास्तरांचा मुलगा घरी येऊन गेला होता. त्याने आरडाओरडा केला नाही. अंगणात उभं राहून दीपेनच्या आईला फक्त विचारलं, "तुमचा मुलगा होता का?" त्यानंतर आईने जेवण सोडलं होतं. आणखीही दोन माणसं, कोण ते भावाला माहीत नव्हतं, बाजारात त्याला डोंबिवलीचा पत्ता विचारून गेली होती.

निघायच्या दिवशी दीपेन माझ्याकडे आला. युनिफॉर्म नव्हता अंगात. मी आत ये म्हणालो, तो दारातच उभा राहिला. सुनीता, माझी बायको, पाणी घेऊन आली. ते तो प्यायला.

मी म्हणालो, "दीपेन, मी नाव बदललं होतं रे."

"हो सर. जोनालीने वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय." आवाजात जराही टोमणा नव्हता. मग म्हणाला, "मास्टरजींचं का लिहिलं? ते मी तुम्हाला सांगितलं होतं. पेपरला नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. लोकांना कळावं म्हणून, तुझी बाजू, असलं काहीतरी.

तो म्हणाला, "सर, मी ती चिठ्ठी नेली तेव्हा आत काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

रिकामा ग्लास त्याने सुनीताच्या हातात दिला, तिला नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. जोनालीचं सहामाहीचं प्रगतिपुस्तक शाळेतच राहिलं, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायलाही वेळ नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तरी मी तोंड दाखवायच्या लायक उरलो नसतो. पण पुढे आणखी आहे. उन्हाळ्यात त्याच लेखाला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. संवेदनशील लेखनासाठी. ठाण्यात कार्यक्रम होता. सुनीता म्हणाली, "तुम्ही जाणार आहात?" मी म्हणालो, "जायला लागेल, पेपरचं नाव आहे." ती म्हणाली, "मग मी येत नाही." मी एकटा गेलो. शाल घेतली, पाच मिनिटं बोललोही. 'बातमीतला माणूस' ह्या विषयावर. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर सुनीताने ती शाल कपाटात ठेवली नाही. धुवायच्या कपड्यांत टाकली.

बातमी खोटी निघाली की आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो. चौकट करतो, दिलगिरी म्हणतो. ह्या बातमीत खोटं काहीच नव्हतं. खऱ्या बातमीचा खुलासा कसा छापतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शिकायला गेलो नाही.

गेल्या वर्षी, मी निवृत्त होऊन दीड वर्ष झाल्यावर, अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज.

"सामंत काका ना? मी जोनाली बोलतेय. दीपेनची."

तीच मराठी. जराही बदललेली नाही. तिने उगाच इकडचं-तिकडचं विचारलं नाही. नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स झाला होता, एका ठिकाणी नोकरीचं नक्की होत होतं. तिथल्या लोकांना कुणीतरी तो लेख दाखवला होता, फोटोसकट. "काका, तो नेटवरून काढता येईल का? तेवढंच विचारायला फोन केला."

मी म्हणालो, "बघतो. प्रयत्न करतो." असं म्हणायची सव्वीस वर्षांची सवय.

ती म्हणाली, "बघतो म्हणजे हो की नाही, ते सांगाल का? नाही असेल तर मी त्यांना आधीच सगळं सांगून टाकते."

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला ऑफिसात गेलो. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. वेबसाइट बघणारी एक मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. मास्तरांपर्यंतही पोचलो नव्हतो, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, लिंक द्या ना." मग तिने तिच्या साहेबांना फोन लावला, दोन वाक्यं बोलली, कीबोर्डवर काहीतरी केलं. "गेला. फोटोपण काढला. दुसऱ्या कुणी उचलला असेल तर त्यांनाही मेल टाकते." मी घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं झाली होती.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आधी सांगायचं ना काका."

सहा वर्षं तो लेख तिथे होता. सहा वर्षांत मी एकदाही विचारायला गेलो नव्हतो. कारण अधूनमधून मी तो उघडून वाचायचो. चांगला लिहिलाय म्हणून.

जोनालीला कळवलं. "थँक यू काका," एवढंच आलं. पंधरा दिवसांनी मीच फोन केला आणि विचारलं की ही सगळी हकिकत मला लिहायची आहे, माझ्याकडून, माझ्या नावाने, बाबांना विचारशील का. ती म्हणाली, विचारते, पण ते नाही म्हणाले तर नाही. मी म्हणालो, नाही तर नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. बाबा शेजारीच बसले होते, फोनवर यायला तयार नव्हते. ती त्यांना विचारून मला सांगत होती. मास्तरांचं लिहिलं तर चालेल, कारण आता ते सगळ्यांना माहीतच आहे. मागे ते स्वतः मास्तरांच्या मुलाला भेटून आले. काय बोलणं झालं ते मात्र लिहू नका म्हणतात. मी म्हणालो, ते मला सांगूही नकोस.

मग मागून त्याचा आवाज ऐकू आला, आसामीत काहीतरी. जोनाली म्हणाली, "बाबा विचारतायत, छापायच्या आधी वाचून दाखवाल का?"

म्हणून हा लेख मी आधी फोनवर वाचून दाखवला. तीन दुपारी लागल्या. तो मधेमधे थांबवायचा. दोन ठिकाणी त्याने वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. एका ठिकाणी मी त्याच्याबद्दल जरा चढवून लिहिलं होतं, तिथे तो जोनालीमार्फत म्हणाला, एवढा चांगला मी नव्हतो, कमी करा. ते कमी केलं. माझ्याबद्दल जे लिहिलंय त्यातला एकही शब्द कमी करायला त्याने सांगितलं नाही.

दीपेन आता कुठे राहतो, काय करतो, हे मला ठाऊक आहे. ते मी लिहिणार नाही.